घरातले दुसरे मास्तर

लग्नाला एकवीस वर्षे झाली, पण आमचे शौहर कामावर कसे दिसतात, हे आम्ही मागच्या जानेवारीपर्यंत पाहिलेच नव्हते. ते एस.टी.त वाहक आहेत. त्यांचे खाकी कपडे धुणे, इस्त्री करणे, पहाटे चारला उठून डबा भरणे, हे सारे आम्ही केले. ते कपडे घालून हा माणूस दिवसभर काय करतो, हा प्रश्न मात्र कधी मनात आला नाही.

आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. सकाळची शाळा, दुपारी वह्या, संध्याकाळी तीन मुलांचा अभ्यास, मधे सासूबाईंची औषधे. त्यांची ड्युटी कधी पहाटेची, कधी दुपारची, कधी मुक्कामाची. आम्ही दोघे भेटायचो ते निरोप देण्यापुरते. "गॅसचा नंबर लावला का?" "अम्मीच्या गोळ्या संपल्यात." जेवण झाले की ते गप्प बसून राहायचे. आम्हाला वाटायचे, या माणसाला घराशी काही देणेघेणेच उरलेले नाही.

खरे सांगायचे तर त्या गप्पपणाचे एक कारण आम्हाला ठाऊक होते.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एस.टी.चा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्यांचा पगार बंद झाला. काही आठवडे वाट पाहून ते मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायला जाऊ लागले. सोलापूरचा कांद्याचा बाजार मोठा. हिवाळ्यात तिथे हाताला काम मिळते. रात्री त्यांच्या खांद्यावर वळ दिसायचे. आणि आम्ही काय केले? शाळेतल्या पालकांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांना मागच्या गल्लीने ये-जा करायला सांगितले. स्टाफरूममध्ये "सध्या आमच्याच पगारावर घर चाललंय" असे चार जणींना ऐकवले. एकदा थोरलीच्या क्लासच्या फीवरून बोलणे वाढले, तेव्हा मुलांसमोर आमच्या तोंडून निघून गेले, "जो पगार आणत नाही, त्याने सल्ला देऊ नये."

त्यांनी मान खाली घातली आणि उठून वुजूला गेले. त्यानंतर त्यांनी कुणाच्या फीबद्दल काही विचारले नाही. संप मिटला, पगार सुरू झाला, ते वाक्य मात्र घरातच राहिले.

आमचे माहेर बार्शीचे. जानेवारीत एके दिवशी अब्बांची तब्येत बिघडल्याचा फोन आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही स्टँड गाठला, लागलेल्या बार्शी गाडीत घाईने चढलो, आणि पाहतो तर गळ्यात तिकिटाचे मशीन अडकवून हेच उभे! आज ते कोणत्या गाडीवर आहेत, हे आम्ही सकाळी विचारलेही नव्हते.

"मागं जागा आहे, बस," एवढेच ते म्हणाले. तिकिटे काढत आमच्यापर्यंत आले तेव्हा विचारले, "काय झालं?"

"अब्बांना बरं नाही."

"मला फोन करायचा ना." मग मशीनवर बोट दाबत म्हणाले, "अर्धं तिकीट. सुट्टे दे."

२०२३ च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. शेजारची बाई म्हणाली, "मास्तर, पाव्हनी वळखीची दिसतीया."

"घरचीच आहे. म्हणून तर सुट्टे मागतोय."

गाडीत हशा पिकला. आम्ही त्यांच्याकडे पाहतच राहिलो. हा माणूस थट्टा करतो, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

गावाकडे वाहकाला मास्तर म्हणतात. शाळेत आम्ही शिकवतो आणि हे इथले मास्तर! एक म्हातारे गृहस्थ पिशवीत आधार कार्ड शोधत होते. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. त्यांचे हात थरथरत होते, मागची माणसे ओरडत होती. यांनी पिशवी हातात घेतली, कार्ड शोधले, तिकीट दिले, कार्ड पुन्हा आत ठेवून पिशवीची गाठही मारून दिली. पुढच्या एका फाट्यावर पासवाल्या शाळकरी मुली उभ्या होत्या. गाडी खच्चून भरलेली, तरी यांनी घंटी मारून गाडी थांबवली. "सरका जरा, पोरींची परीक्षा जवळ आली आहे," असे म्हणत एकेकीला आत घेतले.

मग एका तरुणाने सुट्ट्या एका रुपयावरून आवाज चढवला. असे शब्द वापरले की वर्गात कुणी वापरले असते तर आम्ही त्याला बाहेर उभे केले असते. यांनी उलट उत्तर दिले नाही. खिशात हात घालून रुपया शोधला, त्याच्या हातावर ठेवला आणि मान खाली घातली. पुढच्याच क्षणी त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले. आम्ही ऐकले की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

ती खाली गेलेली मान आम्ही ओळखली. आमच्याच घरात, आमच्याच बोलण्याने ती अशी खाली गेली होती. त्या तरुणाने निदान परक्या माणसांसमोर बोलून घेतले. आम्ही पोटच्या मुलांसमोर बोललो होतो.

वैरागला गाडी थांबली. त्यांनी आम्हाला चहा आणून दिला आणि पायरीवर बसून बूट सैल केले. घोटे सुजलेले होते. तेव्हा लक्षात आले, सगळे तास संपवून घरी आल्यावर आमच्याही घशात शब्द उरत नाहीत. आमची असते ती दमणूक, आणि त्यांचे मात्र दुर्लक्ष, हा न्याय आम्ही कुठून आणला?

कुरआन शरीफमध्ये पती-पत्नींना एकमेकांचा लिबास म्हटले आहे. मुलींना हे आम्ही कितीदा समजावून सांगितले असेल. लिबास अंग झाकतो. आम्ही तर स्टाफरूममध्ये बसून त्यांना उघडे पाडले होते.

अल्लाहच्या कृपेने अब्बा सावरले. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो. इशाच्या नमाजनंतर सगळे दस्तरखानावर बसले होते. बोललो होतो मुलांसमोर, म्हणून शब्द परत घ्यायचे तेही मुलांसमोरच, असे ठरवले होते. तरी जीभ जड झाली. "संपाच्या वेळी आम्ही तुमच्या अब्बूंना जे बोललो, ते चुकीचं होतं," आम्ही मुलांना म्हणालो. मग त्यांच्याकडे वळून म्हणालो, "माफ करा."

बराच वेळ कुणी बोलले नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला.

"मला वाटलं, तू विसरली असशील," ते म्हणाले.

भगिनींनो, आपण विसरतो ते वाक्य दुसरा वर्षानुवर्षे सांभाळत असतो. आपला माणूस गप्प का आहे, हे त्याला विचारण्याआधी आपण स्वतःला एकदा विचारून पाहावे.

जेवण झाल्यावर आम्ही ताटे उचलत होतो. ते धाकटीजवळ सरकून बसले आणि म्हणाले, "तुझ्या क्लासची फी किती आहे गं? आणि शिकवतात कसं तिथं?"