मी पुन्हा बाकावर बसले तेव्हा



खरं सांगते, मे महिन्यातल्या प्रशिक्षणाचा आदेश हातात पडला तेव्हा मी कपाळाला हात लावला. बावीस वर्षांच्या नोकरीत अशी प्रशिक्षणं किती झाली याची मोजदाद नाही. हजेरीपटावर सही, चहा-बिस्किटं, मागच्या रांगेला न दिसणारी पीपीटी आणि शेवटच्या दिवशी 'खूप काही शिकायला मिळालं' हे ठरलेलं मनोगत. त्यात बीडचं ऊन. शिवाय, तुमच्यापासून काय लपवायचं, गेली दोन-तीन वर्षं माझं शिकवण्यातलं मनच उडालं होतं. माहिती भरा, फोटो टाका, लिंक भरा आणि उरलेल्या वेळात धडा संपवा. निवृत्तीला किती वर्षं उरली, हे मी बोटांवर मोजू लागले होते.

पहिल्याच दिवशी सुलभक मॅडमांनी प्रत्येक गटापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक काडेपेटी आणि सायकलची थोडी व्हॉल्व्ह ट्यूब. काड्यांचं गुल खरवडून काढायचं, ट्यूबचे लहान तुकडे कापायचे आणि एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची. झाला हवा तसा वळणारा सांधा! ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले हे गृहस्थ मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले आणि गावच्या बाजारात मिळेल त्या सामानातून विज्ञान शिकवू लागले. पुढे अनेक वर्षं त्यांनी पुण्याच्या आयुकामध्ये हेच काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्ही तीन काड्यांचा त्रिकोण केला, चार काड्यांचा चौकोन केला. मॅडम म्हणाल्या, "आता दोन्ही दाबून बघा." चौकोन लगेच कलला, त्याचा पतंग झाला. त्रिकोण मात्र जागचा हलेना.

"असं का होतं?" त्यांनी विचारलं. आणि गप्प बसल्या.

शेजारचे सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही गणिताच्या ना? सांगा की." मी उभी राहिले. "कारण त्रिकोण मजबूत असतो," असं काहीतरी बोलले. ते काही कारण नव्हे, हे बोलता बोलताच मला कळलं. कुणीतरी मागे हसलं. माझे कान गरम झाले, तळहाताला घाम आला. सुलभक मॅडम 'चूक' म्हणाल्या नाहीत, 'बसा' म्हणाल्या नाहीत, दुसऱ्या कुणाकडे वळल्याही नाहीत. नुसत्या थांबल्या.

मी हातातल्या काड्यांकडे बघत राहिले आणि डोक्यात उजेड पडला. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोन आपोआप ठरतात. म्हणून तो हलत नाही. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात. अहो, हीच तर आपली बाबाबा कसोटी! आणि चौकोन रचनेला चार बाजू पुरत नाहीत, पाचवं माप लागतं, ते याचसाठी. मी चौकोनात तिरकी काडी घातली, म्हणजे कर्ण दिला. दोन त्रिकोण झाले आणि चौकोन गप्प उभा राहिला. आठवीला ही दोन्ही प्रकरणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर 'घेतली' होती. त्यांचं एकमेकींशी काय नातं आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

पण मला हलवलं ते गणितानं नाही, त्या थांबण्यानं. मॅडमांनी नंतर मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेच्या कामाबद्दल सांगितलं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असं तिला वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकताना आढळलं. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि गप्प राहणं कमी झालं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी माझा एक तास मोबाईलवर रेकॉर्ड केला. रात्री ऐकला आणि लाज वाटली. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. वर्ग नुसता 'होऽऽ' म्हणायला!

मग ठरवलं, एवढं एकच बदलायचं. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे. सुरुवातीला ती शांतता खायला उठते, पण तोंड मिटून उभं राहायचं.

आठवीत एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. आईवडील ऊसतोडीला जातात आणि दिवाळीनंतर तोही त्यांच्याबरोबर जातो. वर्गात कधी तोंड उघडत नाही. त्याच्या नोंदीत गेल्या वर्षी मीच लिहिलं होतं, 'अनियमित. आकलन कमी.' जुलैमध्ये काड्यांचा त्रिकोण-चौकोन वर्गात घेतला. प्रश्न विचारला आणि थांबले. पाच झाले, दहा झाले. हुशार मुलांचे हात वर होते, तरी थांबले. तेव्हा हा मागून हळूच म्हणाला,

"मॅडम, आमच्या कोपीचे बांबू वर एका जागी बांधतेत. म्हणून ती पडत न्हाई. चौकोनी केली तर वाऱ्यानं कलंडती."

वर्ग शांत झाला. मी त्याला फळ्यावर कोपी काढायला सांगितली. त्यानं दोन बांबू आणि खालची जमीन काढली, झाला त्रिकोण. त्या तासाला त्यानं शिकवलं आणि आम्ही ऐकलं. मग मुलं शोधत सुटली. शाळेच्या पत्र्याखालची कैची, शेताच्या फाटकावरची तिरकी पट्टी, सायकलचा सांगाडा.

त्या संध्याकाळी मी त्याच्या नोंदीचं पान उघडलं. ती दोन वाक्यं खोडली नाहीत. त्यांच्याखाली तारीख टाकून कोपीचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलं. ती दोन वाक्यं मला रोज दिसायला हवीत. त्याचं आकलन कमी नव्हतं, माझं थांबणं कमी होतं.

पालकहो, हे घरीही करून बघा. अभ्यासाला बसलेल्या लेकराला प्रश्न विचारला की 'एवढंही येत नाही?' म्हणायच्या आधी पाच आकडे मोजा. आणि शिक्षकांनो, पुढचं प्रशिक्षण लागलं की वही मिटून जरा बाकावर बसा. न येणाऱ्या प्रश्नासमोर उभं राहणं काय असतं, ते आपण विसरलेलो असतो.

आता दिवाळी जवळ येतेय. त्याच्या आजीला दोनदा भेटून आले. त्याला गावात ठेवायला ती तयार आहे, वडील अजून 'बघू' म्हणतात. मी घाई करत नाही. रविवारी पुन्हा जाणार आहे, प्रश्न विचारणार आहे आणि थांबणार आहे.