मी फक्त ओझं वाहिलं

बंदूक तंबूत आणायची नाही, हा मामांचा पहिला नियम. आतल्या उबेत थंडगार लोखंडाला घाम सुटतो, सकाळी बाहेर काढली की तोच घाम आत गोठतो, आणि ऐन वेळी चाप ओढला तरी काही होत नाही. म्हणून तीनही रायफली बाहेर, स्प्रूसच्या झाडाखाली झाकून ठेवलेल्या. त्यांचं तेलही घरीच पुसून टाकलेलं, कारण उणे तीसला तेलाचा डिंक होतो. आम्ही चौघं आत, पत्र्याच्या शेगडीभोवती, स्प्रूसच्याच फांद्या अंथरून बसलेलो. माणसं चार आणि रायफली तीन, कारण चौथा मी.

माझ्याकडे परवाना नव्हता. युकॉनचा रहिवासी म्हणून शिकार करायची तर इथं वर्षभर राहिलेलं असावं लागतं आणि माझं वर्ष भरायला चार महिने बाकी होते. टोरांटोकडची सहा वर्षं त्यात धरत नाहीत. खरं सांगायचं तर वर्ष भरलं असतं तरी मी परवाना काढला नसता. कोल्हापुरात मटणावर वाढलेला माणूस मी, पण बोकडाशी माझा व्यवहार रविवारी सकाळी, दुकानात उलटा टांगलेल्या अवस्थेतला. "अर्धा किलो, आणि नळ्या घाला चार." एवढंच. फेब्रुवारीत मामांनी विचारलं, "बायसनला येतोस का? ओझं उचलायला माणूस हवाय." मी हो म्हणालो. हमालीला परवाना लागत नाही.

मामा त्यांना मी मनातल्या मनात म्हणतो. इथं सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, पण सत्तरीच्या माणसाला नुसतं नाव घेऊन बोलवताना माझी जीभ अजून अडखळते. ते सदर्न टुशोनी समाजातले. हिवाळ्यात महामार्गावरचं बर्फ काढणारी गाडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. दुसरे शाळेत शिकवणारे, म्हणून मास्तर. तिसरा माझा फिलिपिनो शेजारी, हॉटेलात स्वयंपाकी. व्हाइटहॉर्स तीसेक हजारांचं गाव आहे, इथं मैत्री व्हायला एक बंद पडलेली गाडी पुरते. आमची तशीच झाली. रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची वायर जोडून ठेवायची असते, हे मला पहिल्या थंडीत कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी गाडी चालू होईना, तेव्हा हा शेजारी हसत हसत बाहेर आला.

अलास्का महामार्गानं पश्चिमेला सव्वाशे किलोमीटर, मग कॅनियन क्रीकपाशी उजवीकडे एशिहिक तलावाचा कच्चा रस्ता. वाटेत ऑटर फॉल्स लागतो. कॅनडाच्या १९५४ च्या पाच डॉलरच्या नोटेवर याच धबधब्याचं चित्र होतं. गाड्या उभ्या केल्या, स्नोमोबाईल उतरवल्या, मागे प्लास्टिकच्या लांबट घसरगाड्या बांधल्या आणि आत शिरलो.

त्या रात्री तंबूत मी त्यांना दाजीपूरच्या गव्याचा फोटो दाखवला. लहानपणी तिथल्या पाटीवर इंग्रजीत बायसन वाचल्यापासून माझ्या डोक्यात गवा आणि बायसन एकच. मामांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला, पायातले पांढरे मोजे बघितले आणि म्हणाले, "याला केस कुठं आहेत?" मग मास्तरांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं की तुमचा गवा वेगळा, आमचा वेगळा, शिंगं सोडली तर दोघांत फारसं काही जुळत नाही. आमचा म्हणजे वुड बायसन. उत्तर अमेरिकेतला जमिनीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, थोराड नर हजार किलोच्या घरात जातो. तो संपला असंच धरून चालले होते. १९५७ मध्ये वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानाच्या एका आडबाजूला त्यांचा एक कळप सापडला. त्यातले काही एडमंटनजवळच्या एल्क आयलंड उद्यानात नेऊन वाढवले आणि १९८८ ते १९९२ या काळात त्यांची पिलावळ युकॉनात आणून सोडली. कळप वाढला. १९९८ पासून परवान्यानं शिकार सुरू झाली.

"आमच्या म्हाताऱ्यांना तेव्हा ते रुचलं नव्हतं," मामा म्हणाले. "मूस आणि कॅरिबू आमचे. हे दांडगे येऊन त्यांचा चारा खातील, असं वाटायचं. माझी आजी मात्र म्हणायची, हे पूर्वीचे इथलेच, परत आलेत." मग शेगडीत एक ओंडका सारून म्हणाले, "आता माझ्या फ्रीजरमध्ये मूसपेक्षा यांचंच मांस जास्त असतं. आजीचं ऐकायला हवं होतं."

मग मीही एक गोष्ट सांगितली. २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा शिरला होता. बघ्यांची गर्दी मागे लागली. तो गल्ल्यांतून धावून धावून दमला, त्याला भूल देऊन पकडला आणि त्याच दिवशी तो मेला. तंबूत सगळे गप्प. थोड्या वेळानं मामांनी विचारलं, "मग मांस कुणी खाल्लं?"

"कुणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तो विषय काढल्याचा पश्चात्ताप झाला.

दुसरा दिवस माझ्यामुळे वाया गेला. गोठलेल्या ओढ्यावरून जात होतो. इथं 'ओव्हरफ्लो' नावाची एक चीज असते. बर्फाच्या वजनानं खालचा थर दबतो, फटीतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाच्या दुलईखाली न गोठता बसून राहतं. वरून बघाल तर कोरा पांढरा कागद. पुढचे तिघे वेगात निघून गेले. माझ्या मशीनखाली लगदा लागला तसा मी घाबरून वेग कमी केला, आणि नेमकं तेच करायचं नसतं. मशीन बसलं. मी उतरलो तो गुडघ्यापर्यंत पाण्यात.

मामा वळून येईपर्यंत मी काठावर चढलो होतो. थंडी अजून लागलेली नव्हती. उलट हसू येत होतं, पाणी हवेपेक्षा चांगलंच गरम होतं ना! मामा हसत नव्हते. "बूट काढ. आत्ता." उणे एकतीसमध्ये मला त्यांनी सीटवर बसवून बूट काढायला लावले, ओले मोजे ओढून फेकले, त्यांच्या पोतडीतली कोरडी लोकरी अस्तरं पायात कोंबली. हे सगळं दोनेक मिनिटांत. फेकलेले मोजे मी उचलले तेव्हा त्यांच्या पाट्या झाल्या होत्या. एकमेकांवर आपटले तर खट् वाजले. मशीन काढायला मात्र दुपार गेली. विलोच्या फांद्या तोडून खाली घाला, उचला, ढकला. बाहेर निघालं तर पट्ट्यावरचा लगदा दगड झालेला, तो कुऱ्हाडीच्या पाठीनं फोडत बसा. त्या दिवशी शिकार कसली, संध्याकाळी बॅनकची जाड भाकरी आणि चहा घेऊन झोपलो. कुणी मला एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी गवताळ पाणथळीच्या कडेला माग सापडला. बायसन खुरानं बर्फ उकरत नाही, मुंडी झाडूसारखी डावी-उजवीकडे फिरवून बाजूला सारतो आणि खालचं वाळलं गवत खातो. तशी खळगी जागोजाग पडली होती. शेण अजून दगड झालेलं नव्हतं. मशीनचा आवाज ते आता ओळखतात, ऐकला की झाडीत घुसतात. म्हणून दोन किलोमीटर मागेच मशीन ठेवून, पायात बर्फाचे जाळीदार बूट चढवून चाललो. हळू चालायचं, कारण घाम आला की थांबल्यावर तोच जिवावर उठतो.

सतरा होते. पाठीवर बर्फ साचलेलं आणि तसंच राहिलेलं, इतके केस दाट. तोंडाभोवती वाफेचे ढग. मास्तर पोटावर आडवे झाले आणि मग काहीच झालं नाही. चाळीस मिनिटं. एवढ्या जनावरासाठी गोळी जबर लागते, ती एकाच्या आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. जिच्यामागे कुणी नाही अशी एकटी, आडवी, मोकळी उभी राहील तेव्हाच. एक मादी मोकळी व्हायची, तोवर दुसरी मागे येऊन उभी राहायची. माझ्या पापण्या गोठून चिकटत होत्या, त्या बोटानं सोडवत मी बघत होतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या, चित्ते सोडून केलेल्या शिकारींच्या गोष्टी ऐकत मोठा झालो, त्यात धूळ, घोडे, आरोळ्या असायच्या. इथं एक माणूस बर्फात आडवा पडून नाही म्हणत होता. परत परत नाही.

मग आवाज झाला. मादी तीसेक पावलं गेली, उभी राहिली आणि गाय बसते तशी पुढचे पाय मुडपून बसली.

कळप पळाला नाही. दोघी-तिघी तिच्याकडे आल्या, हुंगलं, एकीनं मुस्कटानं ढकललं. उठवत होती असं मला वाटलं. माणसासारखं काही चिकटवू नये म्हणतात, पण मला दिसलं ते हे. मामांनी आम्हाला जागचं हलू दिलं नाही. वीस मिनिटांनी ते सगळे सावकाश झाडीत गेले, तेव्हा आम्ही पुढे झालो. मामांनी हातमोजा काढून तिच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मी अर्थ विचारला नाही. मास्तरांचे हात थरथरत होते.

इथपर्यंतचं सगळ्यांना सांगता येतं. पुढचे सहा तास सांगितले तर लोक फोनकडे बघू लागतात.

"पाय धर," मामा म्हणाले. मागचा पाय वर उचलून, छातीशी कवटाळून उभं राहायचं, म्हणजे ते पोट सोडवतील. मी धरला. खुरांच्या बेचक्यात बर्फ घट्ट बसलेलं, केसांना ओल्या घोंगडीचा वास. पाच मिनिटांत दंड भरून आले, तासाभरानं मी पाय धरलाय की पायानं मला, ते कळेना. पोट उघडल्यावर वाफेचा असा लोट आला की तिघंही दिसेनासे झाले. बोटं बधिर झाली की आत हात घालायचे. त्या परिसरात ऊब असलेली तेवढी एकच जागा होती. आधी संकोच वाटला. नंतर मी दर पाच मिनिटांनी घालत होतो.

घाई करावीच लागते. कातडं सोलायला उशीर झाला की फळकूट होतं, मांस गोठलं की सुरी चालत नाही. डोमकावळे पंधरा मिनिटांत हजर. शेजाऱ्यानं जीभ, शेपूट आणि नडगीची हाडं आधीच मागून घेतली होती. नळ्या उकळून त्यांच्याकडे बुलालो नावाचं सूप करतात, ते तो मला कुऱ्हाड चालवता चालवता समजावत होता. नळीचं मला समजावतोय! मी म्हटलं दोन माझ्या.

खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथं गुन्हा आहे. फऱ्या, बरगड्या, मान, सगळं पोत्यांत. मास्तरांनी खालच्या पुढच्या दातांची पट्टी कापून पावाच्या पिशवीत ठेवली, ती वन्यजीव खात्यात द्यावी लागते. शेजाऱ्यानं विचारलं, कळप लांब गेला नसेल, अजून दोन परवाने आहेत. मामांनी घसरगाड्यांकडे पाहिलं. "वाहून नेता येईल तेवढंच." आणि विषय संपला.

परतायला अंधार पडला. उत्तरेचा प्रकाश दिसला का, असं मला सगळे विचारतात. दिसला. हिरवा होता. मान वर करून बघायची ताकद नव्हती. दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत त्याच ओढ्यावरून मी मशीन पूर्ण वेगात काढलं आणि पलीकडे मामांनी अंगठा दाखवला. तीन दिवसांतली तेवढीच शाबासकी.

हमालाचा वाटा म्हणून मला बावीस किलो मिळालं, शिवाय दोन नळ्या. मामांचा पहिला वाटा गावातल्या दोन म्हाताऱ्या बायांच्या घरी गेला, मग स्वतःच्या. बायकोनं गॅरेजमधल्या फ्रीजरचा खालचा कप्पा दिला आणि एक जुना कुकर, तो परत घरात आणायचा नाही या अटीवर.

रविवारी आईचा फोन आला.

"गवा म्हणजे गाईच्याच जातीतला ना रे?"

"तसा लांबचा, आई."

"तू मारलास?"

"नाही गं. मी फक्त ओझं वाहिलं."

"आणि खाल्लंस?"

"हो."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "वडलांना सांगू नको," आणि थंडी किती आहे ते विचारू लागली.

दातांवरून वय कळतं. ती नऊ वर्षांची होती, असं मास्तरांनी उन्हाळ्यात सांगितलं.