सोयाबीनचं बियाणं : १० मिनिटांची परीक्षा

बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली माणसं एकमेकांना वेळ वाचवायच्या युक्त्या सांगत असतात. त्यातली एक आपल्याही कामाची.

सोयाबीनची साल पातळ. मळणीयंत्राचा वेग जास्त असला की बारीक तडे जातात, डोळ्याला दिसत नाहीत. ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात १०० दाणे १० मिनिटं ठेवायचे. कपड्यांचं ब्लीच ४ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २५ मिली. तडा गेलेला दाणा टम्म फुगतो, चांगला तसाच राहतो. १० पेक्षा जास्त फुगले तर बियाण्यानं मार खाल्लाय समजा. हे दाणे नंतर जनावरांपुढे टाकू नका.

परवा घरच्या दोन पोत्यांतलं पाहिलं. एकात ४ फुगले, दुसऱ्यात १९. दुसरं पोतं कडक वाळलेल्या मालाचं. ते आता बाजारात जाईल, पेरणीला नाही.

कोंब जिवंत आहे का, ते यात कळत नाही. म्हणून पहिल्या पोत्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. ७० उगवले तरच पेरणार. दुबार पेरणी आपल्याला परवडत नाही.