योनोमोरीच्या रस्त्यावर

तोक्यो,
चैत्र, एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, साकुरा बघायला एवढ्या लांब कशाला गेलीस, तोक्योत झाडं नाहीत का? पुष्कळ आहेत. पण माझ्या ऑफिसातल्या एक वयस्क बाई दरवर्षी या दिवसांत आपल्या गावी जातात, यंदा त्यांनी मलाही सोबत नेलं. तिथं सारखी तुझी आठवण येत होती, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांचं गाव तोमिओका, फुकुशिमा प्रांतात, समुद्राकाठी. उएनोहून गाडीनं जवळजवळ तीन तास लागतात. गावातल्या योनोमोरी भागात रस्त्याच्या दोन्ही अंगांना साकुराची झाडं आहेत, सुमारे २.२ किलोमीटर. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. १९०० साली हांगाई सेइजू नावाच्या गृहस्थांनी इथलं माळरान लागवडीखाली आणलं आणि त्याची आठवण म्हणून तीनशे रोपं लावली.

मार्च २०११ मध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि पाठोपाठ अणुवीज केंद्राचा अपघात. १२ मार्चला अख्खं गाव बाहेर पडलं, जवळजवळ सोळा हजार माणसं. दोन-चार दिवसांत परत येऊ, अशा समजुतीनं बाई अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या होत्या. गावाचा बराच भाग एप्रिल २०१७ मध्ये खुला झाला, योनोमोरीचा बराचसा भाग मात्र बंदच राहिला. काही वर्षं या रस्त्यावर फाटक होतं; अलीकडची थोडी झाडं जवळून बघायची, पलीकडची लांबून. जमिनीचा वरचा थर खरवडून पिशव्यांत भरून नेला, झाडांची निगा राखली, आणि १ एप्रिल २०२३ ला तिथं पुन्हा राहायची मुभा मिळाली. परतले ते थोडेच. इतक्या वर्षांत लोकांची मुलं दुसरीकडे शिकली, नोकऱ्या-घरं तिकडंच झाली.

बाईंचंही घर पाडलं गेलंय. आम्ही आधी त्या रिकाम्या जागेवर गेलो. स्वयंपाकघर कुठं होतं, आजी कुठं बसायची, ते त्यांनी मला चालत चालत दाखवलं. मग झाडांकडे गेलो, तर तिथं ओळखीच्या माणसांची रीघ. कोणी इवाकीहून आलेलं, कोणी कोरियामाहून. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. ही सोमेइ योशिनो जातीची झाडं बीपासून होत नाहीत, कलमानंच वाढवतात. सारी मुळात एकाच झाडाची, म्हणून एका ठिकाणची सगळी बरोबरच फुलतात आणि आठ-दहा दिवसांत झडतात. त्यामुळं कधी यायचं, हे प्रत्येकाला आपोआप कळतं. विखुरलेल्या गावाला ही झाडंच तारीख देतात.

तिथं एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं बाईंना लहानपणीच्या लाडक्या नावानं हाक मारली. आत्या, साठी उलटलेल्या बाई त्या हाकेसरशी वळल्या, त्या वेळचा त्यांचा चेहरा मी ऑफिसात कधी पाहिलेला नाही. ऑफिसात त्या सगळ्यांना आडनावानंच माहीत. घर गेलं, तरी त्यांना त्या लाडक्या नावानं ओळखणारी माणसं अजून आहेत, आणि ती भेटतात फक्त इथं, याच दिवसांत.

उजनी धरणाचं पाणी आपल्या पळसदेववर चढलं, ते तू पाहिलंयस. एखाद्या उन्हाळ्यात धरण आटलं, की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला जातात. तू जात नाहीस. "बघायला उरलंय काय?" म्हणतेस. बाईही सुरुवातीला हेच म्हणायच्या. तुझं दुःख खोटं आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. पाण्याखालचं घर कोणी परत देणार नाही. पण लग्नात तुझं नाव बदललं. माहेरच्या नावानं तुला हाक मारणारी माणसं आता किती उरली असतील? त्यातली काही नव्या पळसदेवात आहेत, काही इंदापुरात, काही पुण्यात. त्यांनाही कोणीतरी बोलवायला हवं ना?

यंदा मे महिन्यात पाणी खाली गेलं, तर तूच पुढाकार घे. तुझ्या वर्गातल्या मुली, वाड्याशेजारची माणसं, ज्यांचे नंबर मिळतील त्यांना फोन कर. एक दिवस ठरवा, डबे घेऊन या. दिवस ठरला की मला लगेच कळव, मी रजा काढून येते. घर कुठं होतं ते मला तुझ्याकडून बघायचंय.

तब्येतीला जप. काकांना नमस्कार.

तुझी भाची