एडनामेअर

लांबी जेमतेम तीन मीटर, अंग फायबरग्लासचं. वर छप्पर नाही, आत पाय पसरायला जागा नाही. फाल्मथच्या सागरी संग्रहालयात एडनामेअर ठेवली आहे. एवढ्याशा डिंगीत सहा माणसं कशी मावली असतील, ते तिचं माप समोर असूनही मला सहजी उलगडत नाही.

शिडाच्या बोटीवर संसार थाटून जग फिरणाऱ्या घरांत मोठी बोट आईबापांची असते आणि डिंगी पोरांची. नांगर पडला की पोरं आधी तिच्यात उतरतात. वल्ही मारायला, किनारा गाठायला, मोठ्यांच्या नजरेआड जायला तीच. एडनामेअरही अशीच, रॉबर्टसन कुटुंबाच्या ल्युसेट या ४३ फुटी लाकडी बोटीवरची धाकटी. वडील डूगल पूर्वीचे खलाशी, मग स्टॅफर्डशायरमधले दूधउत्पादक शेतकरी. आपणही जगाची फेरी मारू, हे पहिल्यांदा सुचलं ते धाकट्या नीलला. जानेवारी १९७१मध्ये शेत मागे टाकून सगळे फाल्मथहून निघाले.

१५ जून १९७२ रोजी गॅलापागोसच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांनी ल्युसेटचा तळ फोडला. बोट बघता बघता बुडाली. उरले हवा भरलेला तराफा आणि ही डिंगी. आणि सहा माणसं: डूगल, त्यांची बायको लिन, मोठा मुलगा डग्लस, अकरा-बारा वर्षांचे जुळे नील आणि सँडी, आणि पनामात सोबत आलेला तरुण रॉबिन.

तराफ्यावर छत होतं, म्हणून माणसं त्याच्यात बसली. एडनामेअरला काम मिळालं ओढण्याचं. तिच्यावर शीड चढवलं आणि ती तराफ्याला घेऊन उत्तरेकडे, पावसाच्या पट्ट्याकडे निघाली. सातव्या दिवशी एक जहाज जवळून गेलं. त्याला कोणी दिसलं नाही. तराफा मात्र सतत गळायचा. पाणी उपसून आणि तोंडाने हवा फुंकून सगळे थकले. अखेर तो सोडून सहाही जण डिंगीत आले.

इथून तिचा खरा स्वभाव दिसतो. कडक होती ती. काठ पाण्याच्या वर वीतभरही नव्हता. एकाने कूस बदलायची तर बाकीच्यांनी तोल सांभाळायचा. मनात येईल तसं उठणं नाही, रागावून दूर जाणं नाही. मुलांना एवढी शिस्त कुठल्याही शाळेने लावली नसती. पण तिने त्यांना टाकलं नाही. तिच्यातच कासवं कापली, त्यांचं रक्त प्यायलं, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवल्या. तळाशी साचलेलं, पिता न येणारं पावसाचं पाणी नर्स असलेल्या लिनने एनिमाने अंगात घातलं. आणि तिच्यातच सगळ्यांनी मिळून एक खानावळ काढली! ‘डूगल्स किचन’. इंग्लंडला परतल्यावर उघडायची. पानात काय काय वाढायचं, याचे बेत तासन्‌तास चालायचे. उपाशी पोरांना याहून जवळचा खेळ कुठला असणार?

२३ जुलैला, अडतिसाव्या दिवशी, तोका मारू या जपानी मासेमारी जहाजाने त्यांना पाहिलं. त्या वेळी मध्य अमेरिकेचा किनारा स्वतःच गाठायचा बेत पक्का होता, आणि एडनामेअरमध्ये सुकवलेलं मांस अजून शिल्लक होतं.