बसतो म्हणजे चालतो?

‘बसणे’ हे मराठीतील मोठे उदार क्रियापद आहे. धूळ पुस्तकांवर बसते, अक्षराला वळण बसते, शब्दांना चाल बसते, रोजच्या सवयीने एखाद्या कामात हात बसतो. आणि मोटारीला ऑइल फिल्टर बसतो. या शेवटच्या बसण्याचा अर्थ लावण्यात अलीकडे आमचा बराच वेळ गेला. आम्ही पती-पत्नी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. कोल्हापूरहून तालुक्याच्या गावी जाऊन-येऊन रोज सत्तरएक किलोमीटर होतात. आमची लहानशी पेट्रोल गाडी २०१२ सालची. तिची देखभाल आता उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये होते आणि फिल्टर बाजारातून आणून देण्याचे काम आमच्याकडे असते.

दुकानदार काउंटरवर तीन फिल्टर मांडतो. उंची सारखी, घेर सारखा. किमतीत तेवढे अंतर. कोणता घ्यावा, या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले असते : “तिन्ही बसतात की मॅडम. कुठलाबी न्या, चालतंय.”

या उत्तरात खोटे काही नाही. मात्र ‘बसतो’ यावरून ‘चालतो’ हे अनुमान त्यात काढलेले आहे आणि नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर येथे व्याप्तीच सिद्ध होत नाही. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. जेथे आटे जुळले तेथे योग्यता, हे खरे नव्हे. किंबहुना आटे जुळले, हेही डोळ्यांवर विसंबून म्हणता येत नाही. २० मिलिमीटर व्यासाचे, १.५ मिलिमीटर अंतराचे आटे आणि पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ आटे, ही दोन्ही मापे बाजारात प्रचलित आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पहिल्या मापाचा फिल्टर दुसऱ्या मापाच्या स्टडवर फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण तो सैल असतो आणि तेलाच्या दाबाने निसटू शकतो. तेल रस्त्यावर सांडले, की इंजिन कोरडे पडून जाम व्हायला फार वेळ लागत नाही.

आटे बरोबर असले, तरी खरा भेद आतच राहतो. डब्यात घड्या घातलेला कागद किंवा कृत्रिम तंतूंचा पडदा असतो. ‘वीस मायक्रॉनचा फिल्टर’ एवढ्या वर्णनाने त्याची पारख होत नाही. त्या आकाराचे शंभरातील नव्व्याण्णव कण अडतात की पन्नास, हे कळल्याशिवाय तो आकडा विशेष्याविना टाकलेल्या विशेषणासारखा लोंबकळत राहतो. पुष्कळ फिल्टरांत एक रबरी झडपही असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरातील तेल खाली ऑइल चेंबरमध्ये उतरू नये, यासाठी ती असते. विशेषतः फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर ती हवीच. हे रबर हलक्या प्रतीचे असले तर काही काळाने कडक होते, झडप नीट मिटत नाही आणि सकाळी गाडी सुरू करताना इंजिन क्षणभर तेलाविना खडखडते.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावला तो बायपास व्हॉल्व्हने. गाळाने पडदा तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले, तर तेलाची वाट अडते. अशा वेळी ठरावीक दाबाला ही झडप उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे जाऊ देते. बेअरिंगला अस्वच्छ तेल मिळणे वाईट. मुळीच न मिळणे त्याहून वाईट. धर्मशास्त्रात ज्याला आपद्धर्म म्हणतात, तो येथे एका स्प्रिंगमध्ये सामावला आहे. ही स्प्रिंग किती दाबाला दबावी, हे इंजिनाच्या रचनेवरून ठरते. काही इंजिनांत बायपास इंजिनातच असतो, फिल्टरात नसतो. स्प्रिंग गरजेपेक्षा नरम असली, तर झडप वारंवार उघडते. आपद्धर्म नित्यधर्म होतो. बाहेरून डबा तसाच दिसतो, गाडी धावतेच. आत बेअरिंग झिजत राहते.

हे वाचताना आम्हाला आमचा विभाग आठवल्याशिवाय राहिला नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागी कायम नेमणूक होईपर्यंत, तेवढ्यापुरती सोय म्हणून, तासिका तत्त्वावर अध्यापक घेतले गेले. ते नेट-सेट झालेले, आमच्याइतकेच शिकलेले आणि पुष्कळदा आमच्यापेक्षा उत्साही आहेत. उणीव त्यांच्यात नाही. संकटकाळासाठी केलेली झडप वर्षानुवर्षे उघडी ठेवणाऱ्या व्यवस्थेत आहे. वेळापत्रकात प्रत्येक तासापुढे नाव असते. तास ‘बसतात’. वर्ग चालतात. ज्या माणसाला जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने तीन वर्षांचा विद्यार्थी कसा घडवावा, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण ती झीज कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

फिल्टरापुरता मार्ग सोपा आहे. गाडीच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेल अशी निरनिराळी इंजिने असतात. इंजिनाचा प्रकार आणि निर्मितीचे साल घेऊन उत्पादकाचा पार्ट नंबर पाहावा. जुना क्रमांक रद्द होऊन नवा आला असेल, तर तो कोणत्या जुन्याच्या जागी आला आहे, हे तपासावे. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर वर्ज्य नाही, परंतु त्या कंपनीच्या यादीत आपल्या इंजिनाचा स्पष्ट उल्लेख हवा. खोक्यावरचा क्रमांक आणि प्रत्यक्ष डब्यावरचा क्रमांक जुळवून घ्यावा. नकली माल खोक्याच्या आड येतो. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हेही पाहावे. पाठचिकित्सा करणाऱ्याला यातील काहीच नवे नाही. मुखपृष्ठ पाहून संहिता ठरवायची नसते, हे आपण पहिल्याच तासाला सांगतो.

‘चालतंय की’ हे आमच्या कोल्हापूरचे लाडके वाक्य. त्यात मनाचा मोठेपणा आहे, पाहुण्याला जागा करून देण्याची रीत आहे. ते टाकून द्यावे असे आम्हाला वाटत नाही. त्याला एक प्रश्न जोडावा, एवढेच : किती दिवस? दुकानदाराला आम्ही तो आता विचारतो. तो हसतो, आणि मग फळीवरची जाडजूड यादी खाली काढतो. महाविद्यालयात हाच प्रश्न विचारला, तर अजून कोणी यादी काढत नाही.