ज्योतीवाचून लाल झालेले लोखंड

इंडक्शन हीटरमध्ये ज्योत नसते, निखारा नसतो, तापून लाल होणारी तारही नसते. तांब्याच्या वेटोळ्यात लोखंडी बोल्ट धरला, की कशाचाही स्पर्श न होता तो आधी काळवंडतो, मग अंधूक लाल होतो आणि पाहता पाहता केशरी तेजाने उजळतो. उष्णता बाहेरून आत शिरत नाही. लोखंडाच्याच अंगात ती जन्म घेते. डोळ्यांना कधी न दिसणारे चुंबकीय क्षेत्र इथे रंग धारण करते. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने हा हीटर स्वतःच्या हातांनी घडवावा, तो यासाठी.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतधारा निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. पुढे १८५५ मध्ये लिऑन फुको यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली, तेव्हा धातूत गोल फिरणाऱ्या अशा धारांनी ती तापली. बोल्ट लाल होतो तो मुख्यतः याच धारांमुळे.

मंडळ आटोपशीर असते: दोन मॉस्फेट, दोन चोक, काही डायोड आणि रोध, समांतर जोडलेले कपॅसिटर आणि तांब्याचे कुंडल. कुंडल आणि कपॅसिटर ऊर्जा एकमेकांकडे सोपवत राहतात. झोक्याला नेमक्या क्षणी हलका रेटा द्यावा, तसे दोन मॉस्फेट आळीपाळीने त्यांना साथ देतात. व्होल्टता शून्यावर येते त्याच क्षणी ते चालू-बंद होतात, म्हणून स्वतः कमी तापतात. कुंडल २ मायक्रोहेन्रीचे आणि कपॅसिटर मिळून २ मायक्रोफॅरडचे असले, तर हे आंदोलन सुमारे ८० किलोहर्ट्झवर स्थिरावते. पुरवठा २४ व्होल्टचा असला, तरी कुंडलाच्या टोकांवर शिखर व्होल्टता ७५ च्या आसपास पोचते आणि कुंडलात ७५ अँपिअरच्या शिखराची धारा खेळते. ती पेलण्यासाठी पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कपॅसिटरच लागतात. इलेक्ट्रोलिटिक चालत नाहीत.

एवढ्या वारंवारतेला धारा तांब्याच्या पृष्ठभागालगत जेमतेम पाव मिलिमीटर खोलीतून वाहते. भरीव सळईचा गाभा रिकामाच राहिला असता; म्हणून फ्रीज दुरुस्तीच्या कामातली पाव इंची नळी घेतात. तिच्यात कोरडी बारीक वाळू भरून ती पाइपावर गुंडाळली, की चेपत नाही. वाळू काढल्यावर त्याच पोकळीतून थंड पाणी फिरवता येते.

७७० अंश सेल्सिअसला लोखंड आपले चुंबकत्व सोडते. हा त्याचा क्यूरी बिंदू. त्यानंतर तापण्याचा वेग मंदावतो आणि मंडळाची वारंवारता किंचित चढते. ऑसिलोस्कोप जोडलेला असेल, तर धातूच्या अंतरंगातला हा बदल पडद्यावर उमटतो.

पुरवठ्याची व्होल्टता हळूहळू वाढवू नये. तसे केल्यास दोन्ही मॉस्फेट एकदम चालू राहतात, आंदोलन सुरूच होत नाही आणि ते जळतात. चांगला दमदार पुरवठा आधी चालू करावा आणि मगच मंडळाचा स्विच दाबावा. बोल्ट लांब चिमट्याने धरावा, मॉस्फेटना हीटसिंक द्यावे, आणि कुंडलाजवळ हात नेण्यापूर्वी बोटातली अंगठी व मनगटावरचे घड्याळ काढून ठेवावे. तापवताना हे क्षेत्र बोल्ट आणि अंगठी असा भेद करत नाही.